आलेख-शिक्षण, प्राथमिक

संख्यात्मक माहिती चित्रे, स्तंभ वा रेषा यांनी मांडण्याचे आणि त्या मांडणीवरून अर्थ काढण्याचे लहान मुलांना दिले जाणारे शिक्षण. स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्यापाराचे आकडे रेषा व स्तंभ यांनी दाखविले होते. पुढे ही पद्धत शालेय गणितात रुजली. महाराष्ट्रात ‘बालभारती’च्या २०१६ मधील सहावीच्या गणितात स्तंभालेखाचा, तर २०१७ मधील सातवीच्या गणितात जोडस्तंभालेखाचा समावेश करण्यात आला.

सहासात वर्षांच्या मुलांना आरंभीच अक्ष व प्रमाण शिकविणे इष्ट नसते. वस्तू, चित्र व मग स्तंभ असा क्रम सोयीचा ठरतो. ‘शाळेत कसे येता?’ या प्रश्नावर प्रत्येक मुलाने चालत, सायकल, रिक्षा किंवा बस यांपैकी योग्य जागी एक रिकामी काडेपेटी रचली, की चार ढीग तयार होतात. कोणता ढीग उंच, हे मोजण्याआधीच कळते. पुढे एका पेटीऐवजी चौकटीच्या कागदावरील एक चौकट रंगविली जाते आणि नोंदीसाठी ताळ्याच्या खुणा वापरल्या जातात. चित्रालेखात सर्व चित्रे सारख्याच आकाराची असावी लागतात. बसचे चित्र सायकलीपेक्षा मोठे काढल्यास बसने येणारी मुले उगाच अधिक वाटतात. संख्या वाढली की चित्रांची संख्या वाढवावी, आकार नव्हे, हे तत्त्व ऑटो नॉयराथ यांनी व्हिएन्ना येथे १९२० नंतरच्या दशकात आग्रहाने मांडले.

‘एक चित्र म्हणजे दहा मुले’ ही प्रमाणाची कल्पना मुलांना सर्वांत अवघड जाते. तिची गरज मोठ्या संख्यांमुळे पटते. पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या जनगणनेनुसार १९८१ मध्ये सुमारे २.२ लाख, १९९१ मध्ये ५.२ लाख, २००१ मध्ये १०.१ लाख व २०११ मध्ये १७.३ लाख होती. १ सेंमी. = २ लाख हे प्रमाण घेतल्यास स्तंभांची उंची अनुक्रमे सुमारे १.१, २.६, ५ व ८.६ सेंमी. येते आणि आलेख वहीच्या पानावर मावतो. १ सेंमी. = २० हजार घेतल्यास शेवटचा स्तंभ ८६ सेंमी. उंच होईल. स्तंभांची रुंदी व त्यांमधील अंतर समान ठेवावे लागते.

आलेख-वाचनाच्या तीन पातळ्या फ्रान्सिस कुर्सिओ यांनी १९८७ मध्ये सांगितल्या. ‘१९९१ ची लोकसंख्या किती?’ हा प्रश्न पहिल्या पातळीवरचा होय. ‘१९८१ ते २००१ या काळात ती किती पट झाली?’ या दुसऱ्या पातळीवरील प्रश्नासाठी तुलना करावी लागते. ‘ती का वाढली?’ हा प्रश्न आलेखापलीकडे नेतो. कारखान्यांमुळे बाहेरून लोक आले, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. १९९७ मध्ये लगतची गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. १९९१ व २००१ या स्तंभांतील फरकाचा काही भाग त्यामुळे आहे. स्तंभ हे सांगत नाही. ते विचारावे लागते. स्तंभ काढण्याइतकेच हे विचारणे शिकविणे महत्त्वाचे असते.

आलेखाचा प्रकार माहितीनुसार निवडावा लागतो. चालत व बसने येणाऱ्यांच्या संख्या दाखविणारे बिंदू रेषेने जोडण्यात अर्थ नसतो. चाकणच्या बाजारातील कांद्याचे रोजचे भाव मात्र रेषालेखाने दाखविता येतात. हेच भाव तीन दिवस किलोला १८, १९ व २० रुपये होते असे मानून त्यांचा स्तंभालेख काढावा. उभा अक्ष १७ पासून सुरू केल्यास तिसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. वास्तविक वाढ सुमारे एक-नवमांशच असते. हा आलेख शून्यापासून व १७ पासून असा दोनदा काढवून घेतल्यास आकडे खरे असूनही चित्र कसे फसवू शकते, हे मुलांना स्वतः पाहता येते.

मूल्यमापनात रेखाटनाच्या नीटनेटकेपणावरच भर देणे योग्य नव्हे. मुलाने माहिती स्वतः गोळा करावी, प्रमाण का निवडले ते सांगावे आणि आलेखावरून काय कळते व काय कळत नाही, याविषयी एकेक वाक्य लिहावे, अशी अपेक्षा ठेवली जाते.