काळ्या रेघेवर नजर

सकाळी ८:३०
ॲमस्टरडॅमचं व्रिये विद्यापीठ. प्रयोगशाळेत पाऊल टाकायच्या आधी गॉगल. ३१३ नॅनोमीटरचा अतिनील झोत दिसत नाही, पण डोळे घालवतो. पीएचडी करणारी मुलगी पांढऱ्या कागदाचा तुकडा झोताच्या वाटेत धरते. निळसर ठिपका उमटतो. जरा सरकलाय. ॲलन की घेऊन ती आरशाचा स्क्रू केसभर फिरवते. पुन्हा कागद, पुन्हा स्क्रू. तासभर हेच. इथे पीएचडीवाले विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असतात, आणि पगारातला मोठा घास घरभाडं खातं.

१०:००
पोलादी पात्रात हवा जवळजवळ नाहीच. आत धातूच्या दांड्या, त्यांवर सतत उलटसुलट होणारा विद्युतदाब. या पिंजऱ्याची कल्पना बॉनच्या वोल्फगांग पाऊल यांची. १९८९ चं नोबेल त्यासाठीच. आधी बेरिलियमचे आयन भरायचे. सकाळचा तो अतिनील लेसर त्यांना निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेतो. स्क्रीनवर उजळ, लांबट पुंजका दिसतो.

११:१५
आता खरा पाहुणा, हायड्रोजनच्या रेणूचा आयन. एक प्रोटॉन, एक ड्यूटेरॉन (प्रोटॉन-न्यूट्रॉनची जोडी), दोघांत मिळून एकच इलेक्ट्रॉन. वायूचा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा, बंद करायचा. पुंजक्याच्या मधोमध काळी रेघ उमटते. हे आयन हलके, म्हणून मधल्या अक्षावर बसतात. बेरिलियमच्या संगतीत गार होतात, पण स्वतः चमकत नाहीत. मला सगळ्या खोलीत ही रेघच सर्वांत सुंदर वाटते.

दुपारी १:००
घरून आणलेला ब्रेड, आत चीज. वीस मिनिटं.

१:३०
समोरासमोरून दोन अवरक्त लेसर. आयन हलत असले तरी त्या हालचालीने दोन्ही लेसरांच्या वारंवारतेत पडणारे फरक एकमेकांना जवळपास खोडतात. वारंवारता नेमकी जुळली तर आयन दोन फोटॉन एकदम घेऊन कंपनाच्या नवव्या पायरीवर पोचतो. तिथे हिरवा लेसर त्याला फोडतो.
किती फुटले, ते मोजायचं कसं? विद्युतदाबाने रेघेतले आयन हलवायचे. त्यांच्या धक्क्यांनी बेरिलियम तापतं, त्याचा उजेड बदलतो. आधीचा आणि नंतरचा बदल ताडून पाहायचा. एवढ्या खटाटोपातून आलेखावर एक ठिपका. मग सगळं ओतून पुन्हा भरायचं, वारंवारता जराशी सरकवायची.

संध्याकाळी ६:३०
ठिपके वाढलेत, पण पसरलेले आहेत. चुंबकीय क्षेत्राच्या, लेसरच्या उजेडाच्या परिणामाची दुरुस्ती अजून व्हायचीय. २०२० मध्ये इथल्याच गटाने नवव्या पायरीवरच्या या उडीची सुमारे ४१५ टेराहर्ट्झची वारंवारता लाख कोटींत तीन भागांइतकी अचूक मोजली. कंपन वस्तुमानांवर ठरतं, म्हणून प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६.१५२६७ पट जड, हा आकडा त्यातून आणखी पक्का झाला. रशियातल्या दुब्नाचे सिद्धांतकार कोरोबोव्ह यांनी आणि पॅरिसच्या गटाने पुंजसिद्धांतावरून काढलेलं उत्तर मोजमापाशी जुळलं. केंद्रकांमध्ये एखादं अनोळखी बल असतं, तर इथे फट दिसली असती. मात्र त्या वेळी मोजमापापेक्षा गणितातलीच अनिश्चितता जास्त होती. तेव्हा पुढचा घाम गणितवाल्यांनाही गाळायचाय.