येतं वर्ष (भाग ५) : उसाचे दिवस किती?

मागच्या भागात आपण शहरातल्या घरांच्या किमती पाहिल्या. या आठवड्यात ऊस. उसावर लिहायचं म्हणजे दरावर लिहायचं, असा आपल्याकडे रिवाजच पडला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास जयसिंगपूरला ऊस परिषद होते, पहिल्या हप्त्याचा आकडा मागितला जातो, दोन-चार ठिकाणी वाहनं अडवली जातात आणि मग तडजोड होऊन गव्हाणीत मोळ्या पडायला लागतात. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण २०२६ मध्ये ऊसपट्ट्यात काय होणार हे समजून घ्यायचं असेल तर मी दराआधी दुसरा आकडा बघेन. तो म्हणजे गाळपाचे दिवस.

२०२१-२२ च्या हंगामात राज्यात १३७ लाख टन साखर झाली. जून उजाडला तरी मराठवाड्यात ऊस फडात उभा होता, तुरा आलेला आणि वजन उतरलेला. शेतकरी तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागे फिरत होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, गाळप साडेआठशे लाख टनांच्या आसपास झालं, साखर ८१ लाख टनांवर थांबली आणि कित्येक कारखान्यांना हंगाम तीन महिनेही पुरला नाही. ऊस कमी होता हे खरंच. २०२३ चा पाऊस आठवा. पण मधल्या काळात कारखानेही मोठे झाले होते. अडीच हजार टनी कारखाना पाच हजारांवर गेला, पाचाचा साडेसातांवर. शेजारचा खासगी कारखाना आपल्या हद्दीतला ऊस पळवतो, मग आपणही लवकर गाळून मोकळं व्हायचं, या चढाओढीत प्रत्येकाने क्षमता वाढवली. ऊस त्या प्रमाणात वाढला नाही. सगळ्यांनी ताटं मोठी केली, भात तेवढाच राहिला.

कारखान्याच्या हिशेबात याचा अर्थ सरळ आहे. कायम कामगारांचे पगार बारा महिन्यांचे, कर्जाचं व्याज बारा महिन्यांचं, पण यंत्रं फिरणार नव्वद दिवस. हंगाम दीडशे-एकशेसाठ दिवस चालला तर गाडं सुरळीत चालतं, असं या धंद्यातली माणसं सांगतात.

२०२५-२६ चा हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. पाऊस चांगला झाल्यामुळे तो लांबेल, अशी चिन्हं आहेत. ‘इस्मा’ या साखर कारखानदारांच्या संघटनेच्या नोव्हेंबरमधल्या अंदाजानुसार देशात इथेनॉलकडे जाणारा भाग धरून ३४३ लाख टनांहून जास्त आणि तो वजा जाता ३०९ लाख टनांहून थोडी जास्त साखर व्हावी. केंद्राने १५ लाख टन निर्यातीला परवानगी दिली आणि मळीवरचं ५० टक्के निर्यात शुल्क काढून टाकलं. निर्यातीबद्दल याहून जास्त लिहिण्यात अर्थ नाही. जागतिक भाव आपल्या भावाच्या वर असतील तरच साखर बाहेर जाते, परवानगी कितीही टनांची असो.

आता दराकडे येऊ, कारण दिवसांचं महत्त्व तिथेच कळतं. २०२५-२६ साठी एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. या उताऱ्याने एका टनातून १०२.५ किलो साखर निघते. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवर खिळलेली आहे. गुणाकार केला तर ३,१७७ रुपये होतात. म्हणजे किमान किमतीने विकली तर साखरेतून उसाचे पैसेदेखील सुटत नाहीत. मजुरी, व्याज, चुना, पोती हे सगळं वेगळं. प्रत्यक्षात कारखान्याबाहेर साखर त्याहून पाच-सहा रुपये चढ्या भावाने जाते आणि बगॅस, मळी यांचे पैसे येतात म्हणून चालून जातं. २०१९ ते २०२५ या काळात एफआरपी टनामागे पावणेतीन हजारांवरून साडेतीन हजारांवर गेली (मूळ उतारा मधल्या काळात १० टक्क्यांचा १०.२५ झाला, ते वेगळंच), पण ३१ रुपये तसेच राहिले. दोन्ही आकडे दिल्लीत ठरतात.

तिसरा आकडाही दिल्लीतलाच, इथेनॉलचा. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ पासून लिटरला ६५ रुपये ६१ पैसे आहे. तेव्हा एफआरपी क्विंटलला ३०५ होती, आज ३५५ आहे. टनामागे पाचशे रुपयांची ही वाढ लिटरवर पसरली तर साधारण सात रुपये होतात आणि ते कारखान्याने स्वतःच्या खिशातून भरायचे आहेत. त्यात २०२३ च्या डिसेंबरात ऐन हंगामात रसापासून इथेनॉलवर बंधनं आली, ती पुढच्या ऑगस्टमध्ये उठली. तोवर मक्याने जागा घेतली होती. २०२५-२६ च्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी दिलेल्या सुमारे १,०४८ कोटी लिटरच्या वाटपात उसाचा वाटा २८ टक्क्यांच्या आसपास आहे, एकट्या मक्याचा ४५ टक्क्यांहून जास्त. पेट्रोलमधलं मिश्रण २० टक्क्यांवर पोचलं आहे. त्याच्या पुढे कधी आणि किती, हे ठरत नाही तोवर मागणी वाढणार कुठून? २०१८ नंतर व्याज सवलतीच्या भरवशावर ज्यांनी आसवन्या उभ्या केल्या, त्यांच्यासाठी २०२६ हे हप्ते फेडण्याचं वर्ष आहे, नव्या गुंतवणुकीचं नाही.

शेतकऱ्याची बाजू मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने थोडी भक्कम केली. एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा देणारा राज्याचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. आता चौदा दिवसांत एकरकमी, नाहीतर पंधरा टक्के व्याज, हा जुना नियम पुन्हा पूर्णपणे लागू आहे. कारखान्यांना हे अवघड जातं हे मान्य. पण अडचण आहे म्हणून उसाचे पैसे उशिरा, हा युक्तिवाद मला कधी पटला नाही. खताच्या दुकानदाराला आपण टप्प्याटप्प्याने देऊ, असं शेतकरी सांगू शकतो का?

तर, वरून साखर आणि इथेनॉलचे आकडे बांधलेले, खालून एफआरपी कायद्याने बांधलेली. मग ताण कुठे उतरतो? तोडणीवर. शेतकऱ्याच्या बिलातून तोडणी-वाहतूक कापली जाते आणि ती आता अनेक ठिकाणी टनाला नऊशे-हजाराच्या घरात गेली आहे. शिवाय पावतीवर कुठेच न येणारे पैसे आहेत: टोळीची खुशाली, ट्रॅक्टरवाल्याची एन्ट्री, एखाद्या रात्री कोंबडं. शेतकरी चिडतो तो टोळीवर, कारण समोर तीच असते.

या टोळीचा हिशेब जवळून बघू. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मजुरी जोडीची, आणि बायकोचं वेगळं नाव बहुतेक कागदावर नसतंच. जानेवारी २०२४ च्या तडजोडीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला ३६५ रुपयांच्या आसपास आला. मुकादमाचं कमिशन वेगळं, २० टक्के. चांगला सरळ ऊस असेल तर एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो, मोळ्या बांधतो, डोक्यावरून वाहून गाडी भरतो. आता उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, एक लाख धरू. केज, धारूर, वडवणी, पाथर्डी या भागात हा आकडा फार मोठा समजला जात नाही. एक लाख भागिले ३६५ म्हणजे २७४ टन. रोज दोन टनांनी १३७ दिवस. एकही सुटी नाही, आजारपण नाही, पावसाचा खंड नाही आणि तोवर आठवड्याचा किराणा बाजूला. तो किराणाही मुकादमाकडूनच घेतलेला असतो आणि उचलीत मिळवला जातो. वाढे विकून मिळतील ते चार पैसे हातखर्चाला.

आणि हंगाम चालला किती? नव्वद दिवस.

उरलेली उचल पुढच्या वर्षाच्या खात्यावर जाते. तोडकऱ्याचं कर्ज वाढतं ते आळसाने किंवा दारूने, असं ऊसपट्ट्यात सर्रास बोललं जातं. काहींचं असेलही. पण दिवस कमी आणि उचल मोठी असेल तर निर्व्यसनी माणसाचंही फिटत नाही. वरचा गुणाकार कुणीही करून बघावा. कारखान्याने क्षमता दुप्पट केली तेव्हा तोडकऱ्याचे दिवस अर्ध्यावर आले, हे त्या वेळी कुणी त्याला विचारलं नव्हतं. उलट बाजूही आहे. तीन-तीन मुकादमांकडून उचल घेऊन टोळी भलत्याच कारखान्यावर जाते, वाहतूकदार बुडतो, पोलिसांत जातो. दोन्हीकडून जप्ती आणि मारहाणीच्या बातम्या दरवर्षी येतात.

चुकलेल्या दिवसाला खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर नीलम गोऱ्हे यांच्या समितीने २०१९ मध्ये जो अहवाल दिला, त्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं होतं. त्यामागे खासगी दवाखान्यांचा लोभ होता, कमी वयातली लग्नं होती आणि पाळीच्या दुखण्यात एक दिवसही बसता येत नाही ही धास्तीही होती. त्यानंतर ऊसतोड कामगार महामंडळ उभं राहिलं, कारखान्यांकडून टनाला दहा रुपये घ्यायचं ठरलं, ४१ तालुक्यांत मुला-मुलींची ८२ वसतिगृहं मंजूर झाली. वसतिगृहात राहिलेलं पोर फडात जात नाही, आणि पुढची पिढी कोयता उचलत नाही. हे चांगलंच आहे. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला मात्र त्यामुळे टोळ्या मिळत नाहीत.

म्हणून हार्वेस्टर. ‘यंत्र आलं आणि मजुरांची भाकरी गेली’ असं इथे सरळ म्हणता येत नाही. मजूर कमी व्हायला लागले म्हणून यंत्र येतंय, हे जास्त खरं आहे. एक कोटीच्या पुढची किंमत, त्यावर राज्यात ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंत अनुदान, आणि सप्टेंबर २०२५ पासून कापणी यंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर. एक मोठं यंत्र दिवसाला शंभर-सव्वाशे टन तोडतं, म्हणजे पन्नास-साठ कोयत्यांचं काम. पण त्याला साडेचार-पाच फुटांची सरी लागते, वळायला जागा लागते आणि लोळलेल्या उसात ते अडतं. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते शिरत नाही. पाचटाची वजावट किती, यावरून काट्यावर भांडणं होतात. एकदा यंत्रासाठी लावण रुंद सरीची केली की मग खोडव्यालाही यंत्रच येतं. त्यामुळे मोठे, सलग प्लॉट यंत्राकडे आणि तुकडे, बांधावरचा, पडलेला ऊस कोयत्याकडे, अशी वाटणी २०२६ मध्ये आणखी ठळक होईल असं मला दिसतं. तोडकऱ्याच्या वाट्याला अवघड ऊस येईल आणि दिवसाचे दोन टन दीडावर येतील.

शिवाय यंत्राचे मालकही बहुतेक कर्ज काढलेले तरुण ठेकेदार आहेत. त्यांचा हप्ताही हंगामाच्या दिवसांवरच फिटायचा आहे. आणि जितकी यंत्रं जास्त, तितका ऊस लवकर संपणार.

बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानच्या उसावरच्या एआय प्रयोगाची बरीच चर्चा झाली, मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनीही त्याचा उल्लेख केला. पाणी-खत वाचवून एकरी टन वाढले तर त्याचं मला मोल आहे. जास्त ऊस म्हणजे जास्त दिवस. पण तो प्रयोग आज ठिबक असलेल्या, बांधाबांधावर हवामान केंद्राचा खर्च पेलणाऱ्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला आहे.

येत्या वर्षात माझं लक्ष एका गोष्टीवर राहील. जानेवारी २०२४ चा तोडणी दराचा करार तीन वर्षांचा होता आणि तो २०२५-२६ च्या हंगामाबरोबर संपतो. साखर संघ आणि संघटनांची बोलणी नेहमी टक्क्यांवर होतात: यांनी पन्नास मागायचे, त्यांनी वीस म्हणायचं आणि लवादाने मधला आकडा काढायचा. दिवसांवर कधी बोललं जात नाही. किमान इतक्या दिवसांचं काम, ते मिळालं नाही तर उचलीत तेवढी सूट, करारात मुकादमाबरोबर कारखानाही पक्ष, आणि जोडीतल्या बाईचं नाव व मजुरी वेगळी, एवढं जरी कागदावर आलं तरी पुढची कितीतरी वर्षं सोपी जातील. कारखाने म्हणतील, दिवसांची हमी आम्ही कुठून देणार, ऊस किती येईल ते पावसावर. तेही खोटं नाही. पण क्षमता वाढवण्याचा निर्णय पावसाने घेतला नव्हता.

मागच्या वेळी तडजोड झाली तेव्हा हंगाम सुरू होऊन दोन महिने उलटले होते. उचल मात्र आषाढ-श्रावणातच वाटली जाते. उन्हाळा संपेपर्यंत बैठक लागली नाही, तर २०२६-२७ च्या हंगामाची उचलही तोडणीचा दर ठाऊक नसतानाच हातात पडेल.

(पुढच्या आठवड्यात : सोयाबीन आणि आयातीचं तेल)