बोटीवरचं धुणं

मालवाहू जहाजावर साधारण वीस-पंचवीस माणसं असतात, एकेका करारात सहा-नऊ महिने तिथेच राहतात, आणि इंजिनरूममधून वर येणाऱ्याचा बॉयलर सूट तेल-ग्रीसने माखलेला असतो. त्यांच्या धुण्याची सोय ही मालकाची मेहेरबानी नव्हे. २०१३पासून लागू असलेला आणि भारताने २०१५मध्ये मान्य केलेला सागरी कामगार करार ती सक्तीची करतो. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत धुलाई यंत्राबरोबर ड्रायर किंवा गरम, हवेशीर वाळवणखोली आणि इस्त्रीसुद्धा येते. यंत्र कुठलं घ्यावं हे मात्र करार सांगत नाही, आणि खरेदी खात्याची नजर साहजिकच किमतीवर जाते. माझ्या मते हे यंत्र पंप किंवा कॉम्प्रेसरच्या रांगेत बसवून निवडायला हवं: जहाजाच्या विजेवर ते टिकेल का, आणि किनारा चार दिवसांवर असताना तिथल्याच माणसांना ते उघडून दुरुस्त करता येईल का?

विजेचंच पाहा. आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. बहुतेक जहाजांवर राहण्याच्या भागात २२० व्होल्ट, पण ६० हर्ट्झ. व्होल्टचे आकडे जवळजवळ सारखे, म्हणून घरगुती यंत्र लावलं की ते चालू होतं आणि फसगत तिथेच होते. साध्या इंडक्शन मोटरवरचा पाणी उपसणारा पंप सुमारे २० टक्के जास्त वेगाने फिरू लागतो. शिवाय घरी एक तार न्यूट्रल असते, जहाजावर सहसा दोन्ही तारा जिवंत असतात. एकच तार तोडणारं बटण बंद केलं तरी आतल्या भागाला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. त्यात समुद्राचा डोल. घरगुती यंत्राचा ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि पाय नुसते फरशीवर टेकलेले. कपडे पिळले जात असताना जहाज कललं की ड्रम कडेला आदळतो. जहाजासाठी बनवलेलं यंत्र पोलादी बैठकीला बोल्टने जखडतात आणि ते थेट ४४० व्होल्ट तीन फेजवर, न्यूट्रलशिवाय चालणारंही मिळतं. पाण्याची गंमत वेगळीच: इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राच्या पाण्यापासून केलेल्या गोड्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे घरच्या अंदाजाने पावडर घातली की नुसता फेस.

यावर खरेदीवाला म्हणेल, एका महागड्या यंत्राच्या पैशात तीन घरगुती येतात. बिघडलं की बदला. हिशेब धक्क्यावर बरोबर आहे. पण नांगरलेल्या जहाजावर नवं यंत्र पोचवायला होडी, क्रेन, एजंट लागतो. जुनं समुद्रात लोटता येत नाही, सागरी प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल करारानुसार ते ई-कचरा म्हणून नोंदवून बंदरात उतरवावं लागतं. घरगुती वॉरंटीही अशा वापराला बहुधा लागू होत नाही. या युक्तिवादातलं एक मात्र घेण्यासारखं आहे: एका मोठ्या यंत्रापेक्षा दोन मध्यम बरी, त्यातलं एक फक्त बॉयलर सूटांसाठी. तेलकट सुती कपडे नीट न धुता ड्रायरमध्ये घालून गरम ढिगात सोडले तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून शेवटी थंड हवा फिरवणारा आणि लिंटची जाळी चटकन निघणारा ड्रायर हवा. आणि ऑर्डरमध्येच दरवाजाचं रबर, ड्रेन पंप, बेअरिंग, पाण्याचे व्हॉल्व्ह आणि सर्किटचं आकृतीपुस्तक मागावं. नाहीतर ईटीओकडे, म्हणजे जहाजाच्या वीज-अधिकाऱ्याकडे, सगळी हत्यारं असूनही पुढच्या बंदरापर्यंत बॉयलर सूट बादलीतच धुवावे लागतात.