संवेदनशील त्वचा आणि अंतर्वस्त्रांची निवड

रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि जननेंद्रियांभोवतीची त्वचा पातळ व कोरडी होते. मधुमेहात बुरशीजन्य संसर्गाची शक्यता वाढते. वर्षानुवर्षे विनातक्रार वापरलेले अंतर्वस्त्र मग अचानक टोचू लागते. अशा वेळी अनेकजणी संकोचापायी मनानेच मलमे लावत राहतात. वस्त्राकडे मात्र लक्ष जात नाही.

सामान्य हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प धरून ठेवते. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून दैनंदिन वापरासाठी सैलसर, विणीचे सुती वस्त्र हितकर ठरते. मात्र घामाने भिजलेले सूत लवकर वाळत नाही, त्यामुळे व्यायामानंतर ते लगेच बदलावे.

अमेरिकेत १९५८च्या कायद्यानुसार कपड्यातील तंतूंचे प्रमाण लेबलवर टक्केवारीने द्यावे लागते. पाकिटावरील ‘नॅचरल’ या शब्दापेक्षा ही टक्केवारी विश्वासार्ह. ‘बांबू’ म्हणून विकले जाणारे मऊ कापड बहुधा रासायनिक प्रक्रियेने तयार झालेले रेयॉन असते. २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अशाच दाव्यांवरून दोन मोठ्या विक्री-साखळ्यांवर कारवाई केली; त्यांना एकूण ५५ लाख डॉलर दंड भरावा लागला.

‘शंभर टक्के कॉटन’पुढे ‘एक्सक्लूझिव्ह ऑफ इलॅस्टिक’ असे लिहिलेले असल्यास कमरेची पट्टी त्या हिशेबात धरलेली नसते. खाज नेमकी पट्टीच्या रेषेत उठत असेल, तर रबरातील रसायनांची अ‍ॅलर्जी संभवते. ब्लीचने हा त्रास बळावू शकतो. कापडाने झाकलेली पट्टी आणि फिकट रंग अशा वेळी बरे. नवे वस्त्र धुऊनच वापरावे, ड्रायरमधील सुगंधी शीट टाळावी. ‘अनसेंटेड’ साबणात वास झाकणारे द्रव्य असू शकते. म्हणून ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ निवडावा.

एवढे करूनही खाज दोन आठवड्यांत शमली नाही, पांढुरके चट्टे, भेगा वा रक्तस्राव दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. लायकेन स्क्लेरोसससारखा विकार अनेकदा साधा बुरशीसंसर्ग समजला जातो आणि उपचार लांबतात. वस्त्र बदलल्याने त्वचेला आराम मिळतो. निदान मात्र तपासणीनेच होते.