रान, शिवार आणि गाव : अमेरिकन कादंबरीतील एक प्रश्न

अमेरिकन कादंबरीच्या इतिहासाचे स्वच्छंदतावाद, वास्तववाद, निसर्गवाद असे कालखंड पाडण्याची प्रथा आहे. अभ्यासाच्या सोयीसाठी ती उपयुक्त आहे. तथापि या वादांच्या मुळाशी एक समान प्रश्न आहे, हे विसरून चालणार नाही. नव्या भूमीत आलेल्या माणसाला स्वातंत्र्य हवे होते. त्यासाठी कोणती किंमत मोजली गेली आणि ती कोणी मोजली, हा तो प्रश्न होय.

हॉथॉर्नने 'द स्कार्लेट लेटर' (१८५०) मध्ये तो प्युरिटन वसाहतीतील पाप आणि सदसद्विवेक यांच्या आधारे मांडला, तर मेल्व्हिलने 'मोबी डिक' (१८५१) मध्ये देवमाशावर सूड उगवू पाहणाऱ्या कप्तानाच्या रूपाने. या स्वच्छंदतावादी कथांत कपड्यावरचे अक्षर किंवा पांढरा मासा यांना प्रतीकाचे सामर्थ्य येते. यादवी युद्धानंतर (१८६१-६५) लेखकांची दृष्टी दैनंदिन जीवनाकडे वळली. मार्क ट्वेनचा हकलबरी फिन आपली कथा स्वतःच्या बोलीत सांगतो; पळालेल्या गुलामाला साथ द्यावी की समाजाचा कायदा पाळावा, हा त्याच्यापुढील पेच आहे. पुढे क्रेन आणि ड्रायझर यांच्या निसर्गवादात परिस्थितीपुढे माणसाची इच्छा दुबळी ठरते. येथे निसर्गवाद म्हणजे सृष्टिसौंदर्याचे वर्णन नव्हे.

कॉनरॅड रिक्टरच्या 'द ट्रीज' (१९४०), 'द फील्ड्स' (१९४६) आणि 'द टाउन' (१९५०) या कादंबरीत्रयीत या तिन्ही प्रवृत्ती एकत्र दिसतात. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी ती 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या नावांनी मराठीत आणली. 'शेते' या शब्दात केवळ जमिनीचे तुकडे आले असते. 'शिवार' म्हणताच गावाभोवतीची सारी कसलेली भूमी डोळ्यांपुढे उभी राहते.

या कथेतील सेवर्ड अठराव्या शतकाच्या अखेरीस ओहायोच्या घनदाट अरण्यात येते. आई मरते, शिकारीत रमणारा बाप निघून जातो आणि भावंडांचा भार तिच्यावर पडतो. सूर्यप्रकाश अडवणारी झाडे तिला शत्रू वाटतात. ती तोडूनच शेत पिकते, वस्ती वाढते, गावाचे शहर होते. मात्र वार्धक्यात तिलाच झाडांची ओढ लागते.

ही किंमत सेवर्डने स्वतः मोजली. परंतु त्या रानात आधीपासून राहणाऱ्यांचे काय? रिक्टरच्या 'द लाइट इन द फॉरेस्ट' (१९५३) या कादंबरीत तो प्रश्न येतो. तिचाही अनुवाद कुलकर्णी यांनी 'रानातील प्रकाश' या नावाने केला. मूळ रहिवाशांत वाढलेल्या गोऱ्या मुलाला बळाने जन्मदात्यांकडे परत पाठवले जाते आणि शेवटी तो दोन्ही समाजांना पारखा होतो. एकाच्या मुक्त भूमीवर दुसऱ्याचे घर होते, हे सत्य त्याच्या वाट्याला येते.

बोली आणि तपशील पाहता रिक्टर वास्तववादी आहे; अरण्याची सत्ता दाखवताना तो निसर्गवादाजवळ जातो; रान आणि प्रकाश यांना प्रतीक करताना तो हॉथॉर्नचा वारस ठरतो. म्हणून वादांची नावे ही वाचनाची साधने मानावीत, साहित्यकृतीभोवतीची कुंपणे मानू नयेत.