तीनशे टनांचा रथ कशावर चालतो?

तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शार्ङ्गपाणी मंदिराचं राजगोपुर अकरा मजल्यांचं आहे, १७३ फूट उंच. याच मंदिरासमोरच्या सन्निधी रस्त्यावर गणिती रामानुजन यांचं घर आहे. इथल्या रस्त्यांचा आणखी एक मानकरी म्हणजे मंदिराचा लाकडी रथ. असे दोन मोठे रथ मंदिराकडे आहेत. त्यांचं वजन प्रत्येकी सुमारे ३०० टन सांगतात आणि तमिळनाडूत तिरुवारूर व श्रीविल्लिपुत्तूरच्या रथांनंतर त्यांचाच मान.

या गावाच्या मनातच रथ आहे. शार्ङ्गपाणीचा गाभाराही रथासारखा बांधलेला. त्याला दगडी चाकं आहेत आणि तो ओढायला दगडी हत्ती-घोडे. वैष्णव संतकवी तिरुमंगै आळ्वारांनी याच देवावर रचलेलं स्तोत्र रथाच्या आकृतीत मांडता येतं. त्यात आकडे एकापासून सातापर्यंत चढत-उतरत जातात. जवळच्या दारासुरमला बाराव्या शतकातल्या ऐरावतेश्वर मंदिराच्या मंडपालाही दगडी चाकं आहेत. मराठी माणसालाही हा मुलूख परका नाही. तंजावरच्या भोसल्यांचं राज्य इथवर होतं, आणि पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले.

रथोत्सवात सगळ्यांच्या नजरा कळसाकडे असतात. मला मात्र वाचकांना खाली, चाकांजवळ न्यायचं आहे. कारण एवढं ओझं रस्त्यावरून सुखरूप नेऊन परत आणायचं, ही सगळी कामगिरी खालच्या गाड्याची आहे.

हिशेब साधा आहे. ३०० टन चार चाकांवर धरले तर एकेका चाकावर ७५ टन येतात. आपल्याकडे ट्रकच्या चार टायरच्या एका आसाला कायद्याने साडेअकरा टनांची मुभा आहे. म्हणूनच रथाची घडण बैलगाडीहून वेगळी. बैलगाडीच्या चाकाला तुंबा, आरे, पाट्या आणि वरून लोखंडी धाव. रथाच्या जुन्या चाकाला आरे नाहीत. जाड फळ्या जोडून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून केलेलं ते भरीव चाक. लाकूड मोहाचं, सागाचं, उन्हापावसाला पुरून उरणारं.

त्यावरची रचना शहाणपणाची आहे. कोरीव देवदेवतांनी भरलेलं जड लाकूडकाम सगळं खालच्या थरांत. वरचा उंच डोलारा मात्र बांबूचा आणि रंगीत कापडाचा, दर उत्सवाला बांधायचा आणि नंतर सोडवायचा. उंची नजरेत भरते, पण भार जमिनीजवळ राहतो, म्हणून रथ डोलला तरी कलंडत नाही. कुठल्याही ओझ्याच्या गाडीला हाच नियम लागू आहे. ट्रॉलीवर लोखंडी भट्टी बसवायची असो की ऊस भरायचा असो, जड ते खाली आणि आसांच्या मधोमध.

रथाला सुकाणू नसतं. पुढे शेकडो हात दोर ओढत असतात. तमिळमध्ये त्या दोराला ‘वडम्’ म्हणतात. ओढणाऱ्यांना दिशा देता येत नाही आणि थांबवणं तर त्यांच्या हातातच नाही. ते काम चाकाशी चालणाऱ्या माणसांचं. त्यांच्या हातात पाचरीच्या आकाराचा लाकडी ठोकळा असतो, ‘मुट्टुक्कट्टै’. फिरत्या चाकासमोर तो नेमक्या क्षणी सरकवायचा आणि हात मागे घ्यायचा. ठोकळा सरळ घातला तर चाक अडतं, तिरका घातला तर चाक त्याच्या उतारावरून घसरून बाजूला वळतं. लाकूड दाबाखाली चिरडतं, की लगेच दुसरा ठोकळा पुढे. तिरुवारूरला कोपऱ्यावर वळताना चाकांखाली लोखंडी पत्रे टाकून वंगण ओततात, म्हणजे चाकं घसरत वळतात.

जळगावकरांना हे ओळखीचं वाटेल. १८७२ पासून चालत आलेल्या तिथल्या श्रीराम रथोत्सवात चाकांना मोगरी, म्हणजे असाच ठोकळा, लावणारी माणसं हेच करतात. रथ जळगावचा असो वा कावेरीकाठचा, त्याचा ब्रेक माणसाच्या हातात आणि धोकाही त्याच्याच हातापायांना.

हा धोका कमी करायला गेल्या काही दशकांत कारखाना मदतीला आला. तिरुचिरापल्लीची भेल ही वीजकेंद्रांचे बॉयलर बनवणारी सरकारी कंपनी. जाड पोलाद कापणं, वाकवणं, जोडणं हे तिचं रोजचं काम. तिने तिरुवारूरच्या रथाला पोलादी चाकं, आस आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवले. पुढे इतर अनेक देवळांच्या रथांनाही तिची चाकं लागली. वरचं कोरीवकाम तसंच राहिलं, खालचा गाडा बदलला. परंपरेचा यात कुठेही अपमान नाही. देवाचा रथ माणसाच्या अंगावर जाऊ नये, ही भक्तीच आहे.

खालचं सगळं नीट असलं तरी वाट तपासावी लागतेच. २७ एप्रिल २०२२ रोजी तंजावरजवळच्या कळिमेडू गावात मिरवणुकीच्या रथाचा वरचा भाग उच्चदाबाच्या तारेला लागला आणि अकरा जण दगावले. त्यांत मुलंही होती. गाडीची उंची, रस्त्याची पातळी आणि डोक्यावरच्या तारा हा एकच हिशेब आहे, हे त्या रात्रीने फार मोठी किंमत घेऊन शिकवलं.

महाराष्ट्रात खानदेशापासून माणदेशापर्यंत गावोगावी जुने रथ आहेत. उत्सव जवळ आला की वर्गणी निघते आणि बरीचशी रंगावर, रोषणाईवर खर्च होते. रथ समित्यांना मनापासून विनंती आहे: यंदा पहिला खर्च खाली करा. आस झिजला आहे का, चाकाला तडा आहे का, ब्रेक आहे का, हे जाणत्या अभियंत्याकडून बघून घ्या. वाटेवरच्या तारांची उंची वीज कंपनीबरोबर मोजा आणि रथ फिरेपर्यंत प्रवाह बंद ठेवायला सांगा. मोगरी लावणाऱ्यांचा विमा उतरवा. एवढं झाल्यावर उरलेल्या पैशांत रथ खुशाल सजवा.