पाय हलव बघू

लेखमाला : मुलांचा कणा
लेखांक ५

"रिस्क आहे, इथे सही करा." मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाचा वॉर्ड, आणि अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत रात्रपाळी संपवून लोकलने थेट आलेला बाप. तो सही करतो. 'रिस्क' या एका शब्दात काय काय येतं, हे मुलीसमोर विचारायचा त्याला धीर होत नाही. गेल्या आठवड्यात आपण कॉबचा कोन, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला कण्याचा बाक, पाहिला. तो साधारण ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेला की कणा सरळ करून रॉड बसवण्याच्या ऑपरेशनचा विषय निघतो, हेही पाहिलं. आज त्या बापाच्या मनात राहून गेलेला प्रश्न घेऊ.

आधी आकडे. अमेरिकेतल्या स्कोलिओसिस रिसर्च सोसायटीच्या नोंदींवरून मुलांच्या १९,३६० ऑपरेशनांचा आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. कारण न सापडता कणा वाकलेल्या मुलांत शंभरातल्या सहा जणांना काही ना काही गुंतागुंत झाली होती. मणक्यांची घडणच जन्मतः सदोष असलेल्यांत हे प्रमाण शंभरात दहा-अकरा होतं, तर सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंचे आजार असलेल्यांत जवळपास अठरा. म्हणून शेजारच्या मुलीचं कसं झालं यावरून आपल्या मुलीचा अंदाज बांधू नये. बाक सारखा दिसला तरी त्यामागचा आजार वेगळा असू शकतो.

सगळ्यांत मोठी भीती पायांची असते. कण्याच्या आतून मज्जारज्जू जातो. बाक सरळ करताना तो ताणला गेला, त्याचा रक्तपुरवठा कमी पडला किंवा एखादा स्क्रू भलतीकडे गेला, तर पायांतली ताकद जाऊ शकते. त्याच आढाव्यात मज्जासंस्थेला अशी नवी इजा शंभरात एका मुलाला झाली होती. यावर फ्रान्समधले डॉ. स्टॅग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली एक धाडसी चाचणी मांडली. ऑपरेशन चालू असतानाच भूल हलकी करायची. आधी मूठ आवळायला सांगायचं, म्हणजे मुलीला ऐकू येतंय हे कळतं. मग पायाची बोटं हलवायला सांगायचं. ती हलली की पुन्हा भूल गडद करायची.

आता मोठ्या केंद्रांत मज्जारज्जूतून जाणारे संदेश यंत्रावर सतत पाहतात. संदेश मंदावला तर सर्जन थांबतात, रक्तदाब वाढवून घेतात, कण्याला दिलेला ताण सैल करतात. यंत्राबद्दल शंका आली तर जुनी चाचणी आजही कामाला येते. म्हणून आदल्या संध्याकाळी तिची तालीम करून घ्यावी, आणि तीही मुलीच्या घरच्या भाषेत, मग ती मराठी असो, सिंधी असो की तेलुगू. आईने खाटेशी बसून "मूठ आवळ, आता पाय हलव बघू" असं चार वेळा म्हणून घेतलं, तर दुसऱ्या दिवशी गुंगीत तेच शब्द ओळखीचे वाटतात.

दुसरा धोका रक्तस्रावाचा. पाठीचे दहा-बारा मणके उघडे करायचे म्हणजे रक्त जाणारच. ते कमी जावं म्हणून ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड देतात, सांडलेलं रक्त गोळा करून, धुऊन परत देणारं यंत्रही असतं. पण घरच्यांच्या हातात एक गोष्ट आधीपासून असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. ऑपरेशनची तारीख मिळाली की त्याच दिवशी हिमोग्लोबिन किती आहे ते विचारावं. कमी असेल तर ते भरून काढायला आठवडे लागतात. अंगात वजन नसलेल्या मुलीची जखमही उशिरा भरते.

यानंतरचे धोके मुलगी घरी आल्यावर समोर येतात, आणि तिथे डॉक्टर नसतात, आई असते.

समजा, घरी आल्यावर दोन-चार दिवसांत मुलीला उलट्या सुरू झाल्या. हिरवट, पुन्हा पुन्हा, जेवल्यावर पोट तट्ट. घरात कुणीतरी म्हणतं, पित्त झालं असेल, लिंबू-सरबत द्या. पण कणा सरळ होऊन लांब झाला की पोटातल्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमधली जागा अरुंद होते आणि त्यांच्यामध्ये लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग चेपला जातो. बारीक मुलींत हे जास्त घडतं. वेळेवर ओळखलं तर नळी, सलाईन आणि थोडं थोडं खाणं यांवर बहुतेकदा भागतं. पित्त समजून दिवस काढले तर शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होऊन जीव धोक्यात येतो.

जंतुसंसर्गाचंही तसंच. ताप, टाक्यांतून पाणी येणं, थांबलेलं दुखणं पुन्हा उठणं, यांतलं काहीही दिसलं तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. काही जंतू इतके संथ असतात की जखम भरून वर्षं उलटल्यावर पाठीवर गळू दिसतं. रात्री-अपरात्री अंबरनाथच्या छाया रुग्णालयात किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात न्यावं लागलं, तर डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या आणि पाठीत रॉड आहे हे आधी सांगा.

रॉडबद्दल एमआयडीसीतल्या माणसाला फार समजवावं लागत नाही. एकच पट्टी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे मशिनवर काम करणाऱ्याला ठाऊक असतं. ह्यूस्टनचे डॉ. पॉल हॅरिंग्टन पोलिओने वाकलेल्या मुलांच्या पाठीत पोलादी रॉड बसवत. सुरुवातीला ते मणके एकमेकांशी जोडत नसत, आणि हूक सुटत, रॉड तुटत. नुसत्या धातूवर कणा पेलत नाही, मणक्यांचं हाड एकजीव व्हायला हवं, हे त्यातून कळलं. रॉड हाड जुळेपर्यंतचा आधार. हाड जुळलंच नाही तर आजचा रॉडही एक दिवस तुटतो. महिने लोटल्यावर अचानक कळ आली, खांदा पुन्हा खाली गेला, तर एक्स-रे काढायलाच हवा. "आता बरी आहे" म्हणून तपासणीची तारीख चुकवू नका, एका दिवसाचा खाडा झाला तरी चालेल.

त्या बापाने सहीआधी चार प्रश्न विचारावेत. माझ्या मुलीचा बाक कोणत्या प्रकारचा? पायांची ताकद ऑपरेशन चालू असताना कशी तपासणार? हिमोग्लोबिन आणि वजन पुरेसं आहे का? घरी गेल्यावर काही झालं तर फोन कुणाला करायचा? उत्तरं वहीत लिहून घ्यावीत आणि ती वही आईच्या हाती द्यावी, कारण पुढचे महिने पाठ बघणारी तीच आहे.

पुढच्या आठवड्यात : ऑपरेशननंतर शाळा, दप्तर आणि खेळ.